निवळलेल्या पाण्यात आधी कोण

मासेवाली म्हटलं की लोकांना बाजारातली टोपली आणि विळी आठवते. माझ्या माशांना कधी कुणी कालवणात घातलं नाही. परभणीत स्टेशनच्या रस्त्याला आमचं काचेचं दुकान होतं. आमचे मालक होते तोवर फोटोच्या चौकटी, कपाटाच्या काचा, आरसे एवढंच चालायचं. ते गेल्यावर मी हिऱ्याची कलम हातात धरली, काच कापायला शिकले, आणि वाया जाणाऱ्या तुकड्यांच्या टाक्या करायला लागले. टाकी नेली की गिऱ्हाईक म्हणायचं, बाई, मासेपण तुमीच द्या. मासे दिले की चार दिवसांनी तेच गिऱ्हाईक दारात, बाई, मासे मेले. असं करत करत मी माशांची दुकानदारीण झाले, मग डॉक्टरीण झाले. शाळेत माझं जाणं फार झालं नाही. मला शिकवलं ते मेलेल्या माशांनी. तेच माझे मास्तर.

यंदा या अंकाच्या मंडळींनी सांगितलं, धंद्याबद्दल लिहा. मी म्हटलं, माझा धंदा तो काय. पाण्याकडं बघत बसायचं. ते म्हणाले, मग तेच लिहा.

तर गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक लॉजवाले होते. फार टापटिपीचे. दर अमावास्येला टाकीचं सगळं पाणी फेकून द्यायचे, काचा घासायचे, खडेसुद्धा गच्चीवर वाळत घालायचे, आणि मासे परत सोडायचे. मासे मरायचे. मला बोलावून म्हणायचे, "एवढी सफाई ठेवतो, तरी मरतेत कामून?" मी म्हटलं, "मालक, तुमचं घर दर महिन्याला पाडून नवं बांधलं तर तुमी जगाल का?" ते हसले आणि पुढच्या अमावास्येला पुन्हा तेच केलं. एका दवाखान्यातल्या टाकीत पेशंटचे नातेवाईक पेढे टाकायचे. बरं वाटलं की पेढा देवाला एक आणि माशाला एक. डॉक्टर म्हणायचे, माझे पेशंट बरे व्हायला लागले की माझे मासे मरतात.

पण मला सांगायचं आहे ते एकाच टाकीचं. खाऱ्या पाण्याच्या.

परभणीत खारं पाणी म्हटलं की लोकांना बिघडलेली बोअर आठवते. समुद्र कुणी बघितलेला. त्या परभणीत आमच्या अप्पांच्या घरी समुद्र होता. अप्पा लिंगायत, घराणं आडतीचं. भाऊ सगळे मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हे एकटेच लहानपणी पळून गेले आणि मालवाहू बोटीवर मशीनवाले झाले. म्हातारपणी परत आले ते दोन बॅगा आणि ही हौस घेऊन. गोड्या पाण्याच्या टाकीला आम्ही लोखंडी अँगल लावून लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचो. खारं पाणी लोखंड खातं, म्हणून अप्पांनी बाहेरदेशातून आणलेल्या चिकटाच्या नळ्या मला दिल्या आणि आम्ही दोघांनी मिळून नुसत्या काचेची टाकी जोडली. पाणी मुंबईहून कॅनमध्ये यायचं. मनमाडला गाडी बदलावी लागायची. हमाल विचारायचा, काय हाय यात? अप्पा म्हणायचे, समुद्र हाय, हळू धर.

त्यात केशरी रंगाचे, पांढऱ्या पट्ट्याचे दोन मासे होते आणि निळे चार. निळा म्हणजे कसा, मोराच्या मानेसारखा. आणि या माशांना लागायचा जवळा. घरात अंडं येत नाही, गळ्यात लिंग, घरच्या बायका सोवळ्यातल्या, आणि माशाला जवळा. घरात भांडणाला तोंड फुटलं. मग असं ठरलं की टाकीची खोली रस्त्याच्या बाजूची, तिला वेगळं दार, आणि जवळा आणायचा, वाटायचा, घालायचा तो कौसाबाईनं. म्हणजे मी. कौसल्या माझं नाव. घरातून मला कुणी आत बोलावलं नाही आणि मीही गेले नाही. पण त्या खोलीत अप्पा स्टुलावर बसून मला बंदरांच्या गोष्टी सांगायचे आणि मी पाण्यात कोपरापर्यंत हात घालून ऐकायचे. तेवढी दोस्ती होती.

खाऱ्या पाण्यातल्या माशांचा एक आजार असतो. पांढरे ठिपके. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे दिसतात. मासा दगडाला अंग घासतो, वर येऊन भराभरा श्वास घेतो. मग एक दिवस ठिपके गळून जातात आणि मासा टवटवीत दिसतो. अडाणी माणसाला वाटतं, बरा झाला. बरा कसला. ठिपका म्हणजे एक जीव असतो. तो माशाच्या अंगावर पोट भरतो, मग गळून तळाला जातो, वाळूत, खड्यांत गप बसतो. तिथं फुटतो आणि त्याची पिल्लं निघतात, डोळ्याला न दिसणारी. ती मासा शोधत फिरतात. पहिल्या खेपेला ठिपके दिसतात चार. दुसऱ्या खेपेला मासा दिसत नाही, नुसते ठिपके दिसतात.

नामांतराच्या दंगलीच्या आदल्या वर्षी हा आजार अप्पांच्या टाकीत आला होता. आम्ही मासे बाहेर काढले, बरे केले. तोवर टाकीतलं पाणी इतकं निवळलं होतं की टाकी रिकामी वाटावी. अप्पा म्हणाले, "बघा बाई, आरशासारखं झालंय. सोडा." सोडले. त्यातला एकही राहिला नाही; अप्पांनी मग मुंबईहून पुन्हा तसेच मासे मागवले. त्या वर्षी मला कळलं की निवळलेलं पाणी आणि बरं झालेलं पाणी या दोन गोष्टी वेगळ्या.

आता दुसरं सांगते. दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे, मला वेगळं करता येत नाही.

माझं माहेर पालमच्या बाजूला. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं आमची माणसं अजून राहतात. गावाच्या खालच्या अंगाला आमचा बौद्धवाडा. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मुंबईला विद्यापीठाला नाव द्यायचं ठरलं, आणि इकडं आमच्या लोकांची घरं पेटली. विद्यापीठ औरंगाबादला. माझ्या मायनं औरंगाबाद जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या वाड्यातून तोवर कॉलेजला गेलेलं कुणी नव्हतं. तरी घर मायचं जळालं.

माय, माझा थोरला भाऊ किसनदादा, भावजय आणि त्यांचं सहा वर्षांचं लेकरू, असे चिखलातून ज्वारीच्या रानातून निघाले. भावजयीला लेकरासकट ताडकळसला तिच्या बापाकडं सोडलं आणि दादा मायला घेऊन माझ्याकडं आला. दुकानाच्या मागं माझी एक खोली होती. माय दारात उभी राहिली तेव्हा तिच्या पदरात काहीतरी जड बांधलेलं होतं. मला वाटलं, डागिना असंल. सोडून बघितलं तर वरवंटा.

"माय, हे काय आणलंस?"

"हाताला आलं ते उचललं," ती म्हणाली. "पाटा ऱ्हायला. तो उचलंना."

दादा म्हणाला, "धुरात मला म्हनती, धर, धर. मी म्हटलं काय हाय, तर दगड. लोक सोनं घेऊन पळतेत, मपली माय दगड घेऊन पळाली."

त्या दिवसात आम्ही तेवढंच हसलो.

माय माझ्याकडं राहिली खरी, पण बसायची ती परक्याच्या घरी बसल्यासारखी. काम दिलं तर करायची. सांजच्याला दुकानाच्या पायरीवर यायची आणि विचारायची, "पालमची यष्टी गेली का?" गेली म्हटलं की आत जायची. आम्हाला वाटायचं, थोड्या दिवसांनी विसरेल. ती विसरायला तयार नव्हती. "मला मपल्या घरी मरायचंय," म्हणायची. घर कुठं आहे म्हटलं तर म्हणायची, "पाटा हाय की."

तिला परत कधी न्यायचं, हा एकच प्रश्न मग वर्षभर आमच्या घरात होता.

त्याच वर्षी गणपतीत अप्पांच्या टाकीत पुन्हा ठिपके आले. या खेपेला मी अप्पांचं ऐकलं नाही. सगळे मासे काढून माझ्या दुकानात आणले, साध्या टाकीत, तळाला वाळू नाही, खडा नाही. औषध म्हणजे मोरचूद. शेतकरी फवाऱ्यात घालतात तेच, पण इथं कणभर. कण कमी पडला तर ठिपका मरत नाही, जास्त झाला तर मासा मरतो. आणि अप्पांची मोठी टाकी मी तशीच भरलेली, हवा चालू, पण बिनमाशाची सोडून दिली. रान पडीक टाकतात ना, तशी. मासाच नाही तर ती पिल्लं कुणाला धरणार? फिरून फिरून उपाशी मरतात. याला अडीच महिने तरी लागतात. एक दिवस कमी केला तर सगळं फुकट. तिकडचा ओला हात इकडं लावायचा नाही, तिकडची जाळी इकडं आणायची नाही.

आजारी मासे दुकानात आले आणि मायला सोबत झाली. ती टाकीसमोर पोतं टाकून बसायची. निळ्यातला एक दांडगट होता, सारखा बाकीच्यांना ढुशा द्यायचा. त्याला माय शिव्या घालायची आणि जवळ्यातला मोठा तुकडा त्यालाच टाकायची. मला विचारायची, "यांचं घर कवा बरं होतंय?"

दिवाळी जवळ आली. अप्पांची लेक सोलापूरहून यायची होती. अप्पा दुकानात आले. "बाई, पाणी एकदम निवळलंय. लेकरं येणार, टाकी रिकामी बरी दिसत न्हाई. सोडू या."

"मागच्या बारीला पण निवळलं होतं, अप्पा."

"मग मालूम कसं व्हायचं बरं झालं म्हणून?"

"मुदत भरू द्या. मग आधी एकच मासा सोडायचा. महिनाभर बघायचं. त्याच्या अंगावर ठिपका आला न्हाई, तो खायला लागला, खेळायला लागला, तर बाकीचे."

अप्पा कुरकुरत गेले. माय पोत्यावर बसून ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे वरवंटा."

"काय?"

"पाळण्यात लेकराच्या आधी वरवंटा घालतेत न्हाई का? तेल लावायचं, टोपडं घालायचं, आन् आधी त्याला झोका द्यायचा. काय इडापिडा असंल ती त्याच्यावर जावी. मग लेकरू." आणि टाकीकडं बघून म्हणाली, "पर तो दगुड असतोय. ह्यो जित्ता हाय."

तेव्हापासून आमच्या दुकानात पहिल्या माशाला वरवंटाच म्हणायचे. पुढं गिऱ्हाइकंसुद्धा म्हणायला लागली, बाई, वरवंटा सोडला का? त्यांना काय ठाऊक शब्द कुठून आला.

त्याच आठवड्यात एक जीप आली. आमच्यासारखे गाव सोडून आलेले लोक जिथं जिथं राहिले होते तिथं तिथं ती फिरत होती. साहेब चांगला होता, आवाज मऊ. म्हणाला, "गावात आता शांतता आहे. परिस्थिती निवळली आहे. तुम्ही आपापल्या घरी परत जायला हरकत नाही. घरावर घालायला पत्रे मिळतील."

निवळली. तोच शब्द. माझ्या हातात जाळी होती. मी दादाकडं बघितलं आणि दादानं माझ्याकडं. मायनं मात्र लगेच लुगड्याची गाठोडी बांधायला घेतली.

दादा म्हणाला, "थांब माय. कौसीच्या माशाचं ऐकलंस ना? समदे एकदम जायचे न्हाईत. वाड्यातल्या मानसांचं म्हननं हाय, कुनीतरी एकानं आधी जावं. बघावं. मग बाकीच्यांनी."

"कोन जाणार?"

दादा हसला. हलगी वाजवणारा, बडबड्या माणूस. लग्नात त्याच्याशिवाय वरात हलायची नाही. म्हणाला, "मी. मपल्याला तेल लाव आन् टोपडं घाल."

मायनं त्याच्या पाठीत धपाटा मारला. पण भाकरी बांधताना ती त्याच्याकडं बघत नव्हती.

दिवाळीनंतर दादा गेला. आणि दिवाळीनंतरच मुदत भरल्यावर मी तो दांडगट निळा मासा अप्पांच्या टाकीत सोडला. माय हट्टानं माझ्याबरोबर आली, त्या रस्त्याकडच्या दारानं. एवढ्या मोठ्या पाण्यात तो एकटा. आधी तळाला जाऊन दगडाच्या सावलीत बसला. अप्पा म्हणाले, "घाबरला." माय म्हणाली, "ओळखू यायलाय त्याला. जुनं घर हाय त्याचं."

मी रोज जाऊन बघायचे. बघायचं म्हणजे काय, तेही सांगते. नवा माणूस नुसते ठिपके बघतो. ठिपका शेवटी दिसतो. आधी बघायचं ते वागणं. कल्ला किती वेगानं हलतो. खायला पुढं येतो का टाकलेलं पडू देतो. दगडाला अंग लावतो का. आणि सगळ्यात वाईट खूण म्हणजे मासा कोपऱ्यात काचेकडं तोंड करून उभा राहतो. अंग स्वच्छ, रंग चांगला, पण तोंड भिंतीकडं. त्याला काहीतरी झालेलं असतं जे आपल्याला दिसत नाही.

आमचा निळा चार दिवसांत रुळला. अख्ख्या टाकीची मालकी सांगायला लागला. अप्पांच्या बोटालासुद्धा काचेतून टक्कर द्यायचा. महिना सरला, अंगावर काही नाही. मी अजून थोडं थांबले, मग बाकीचे सोडले. अप्पांनी त्या दिवशी घरातून गुळाचा शिरा आणून मला आणि मायला त्या खोलीत दिला. टाकी बरी झाली. पुढं कित्येक वर्षं त्या टाकीत ठिपका आला नाही. धंद्यातली माझी अभिमानाची गोष्ट कुठली म्हणाल तर हीच.

दादाचा मात्र सांगावा यायचा तो एवढाच, की अजून नको. पालमच्या बाजाराला आलेल्या माणसाबरोबर, कधी कंडक्टरबरोबर. ठीक आहे, अजून नको. माय विचारायची, "मारतेत का त्याला?" न्हाई. "पानी बंद केलंय का?" न्हाई. "मंग कामून नको?"

संक्रांतीनंतर दादा आला. मायनं लांबूनच हाक मारली, "किसना." तो दचकला. रस्त्यातच उभा राहिला, मग आला. अंगानं बरा होता. कुठं खरचटलेलं नाही, मार नाही. मायनं त्याचा सदरा वर करून पाठ बघितली. लहान लेकराची बघतात तशी. "काय झालेलं न्हाई गं," ती मला म्हणाली. खूश झाली. "आता मला नेतो ना?"

दादा म्हणाला, "पत्रे टाकलेत. पाटा सापडला. राखंत होता, फुटला न्हाई. मी नदीतला गोटा आनून चटणी वाटतोय त्याच्यावर."

"मंग झालं तर."

मी विचारलं, "लोक कसे हायेत?"

"चांगले हायेत," दादा म्हणाला. "गिरणीवर दळण घेतेत. दुकानात सामान देतेत. कामाला बी बोलावतेत, माणूस पाठवून. कुनी काय म्हनत न्हाई." मग म्हणाला, "काहीच म्हनत न्हाई. पयले शिव्या तरी द्यायचे. आता मायनं हाक मारली ना, गेल्यापासून मपलं नाव मी ऐकलेलंच न्हाई. इसरलो होतो."

मी त्याला जेवायला वाढलं. दादा ताट घेऊन उठला, कोपऱ्यात गेला, आणि भिंतीकडं तोंड करून बसला. मुद्दाम नाही. त्याला कळलंही नाही. वरातीत नाचणारा माझा भाऊ भिंतीकडं तोंड करून भाकरी खात होता.

मायची त्याच्याकडं पाठ होती. तिनं बघितलं नाही. मी बघितलं.

दादा जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "कौसे, तूच सांग. तुला कळतंय यातलं. नेऊ का मायला?"

मी नको म्हटलं. म्हटलं, अजून थांबू.

लोक म्हणतील, माशाचं शास्त्र माणसाला कशाला लावलं. खरंय. आणि लागू पण होत नव्हतं ते, मला नंतर कळलं. टाकीत आपण मासे काढतो आणि आजार एकटा राहून उपाशी मरतो. गावात उलटं झालं होतं. आजार ज्यांच्या अंगात होता ते गावातच होते, आपापल्या घरात, जेवूनखाऊन. बाहेर काढले गेलो ते आम्ही. असं रान कितीही दिवस पडीक टाकलं तरी काय होणार? त्याला मुदतच नव्हती. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं असतं तर मी थांब म्हटलं असतं का जा म्हटलं असतं, मला अजून सांगता येत नाही. पुन्हा तो दिवस आला आणि दादा तसा बसलेला दिसला, तर मी पुन्हा नकोच म्हणेन, असं वाटतं. आणि मग मायचं तोंड आठवतं.

माय थांबली. उन्हाळा लागला तशी तिची भूक गेली. डॉक्टरांनी काही काही सांगितलं, मी सगळं केलं. ती टाकीसमोर पोत्यावर पडून राहायची. टाकीत तेव्हा साधे गोड्या पाण्यातले होते, तिला ते आवडायचे नाहीत. म्हणायची, "ते निळं बेणं बरं हाय का?" मी म्हणायचे, बरं हाय, माय, मजेत हाय, त्याच्या घरी. ती म्हणायची, "गेलं बाई एकदाचं."

एक दिवस दुपारची पालमची यष्टी हॉर्न देत गेली. मी काच कापत होते. माय आतून काही विचारेल म्हणून मी थांबले. तिनं विचारलं नाही. तशीच गेली ती, परभणीत, माझ्या दुकानामागच्या खोलीत. दादाला निरोप पोहोचून तो येईपर्यंत सांज झाली. खांदा त्यानं दिला, पण परभणीच्या मसणवट्यात. गावाला न्यायचं का असं मी विचारलं तर तो म्हणाला, "जित्तेपणी नेली न्हाई."

त्यानंतर दोन उन्हाळे गेले आणि वाड्यातली थोडी घरं परत गावी गेली. दादानं त्यांना या म्हटलं का, ते मला ठाऊक नाही. बहुतेक नाहीच. इकडं अधांतरी लटकून माणूस किती राहणार, म्हणून गेली. भावजयही लेकराला घेऊन ताडकळसहून गेली. मी कधी गेले नाही. दादा वर्षातून एकदा यायचा. हलगी त्यानं पुन्हा हातात धरली नाही. पाळण्यातून वरवंटा नंतर काढून घेतात, लेकरू झोपलं की. आम्ही दादाला आत घातलं आणि काढायचं राहूनच गेलं, असं मला वाटायचं. त्याला कधी बोलले नाही.

मायचा वरवंटा दुकानात होता. टाकीवरच्या काचेवर वजन म्हणून ठेवायचे मी. मांजर मासे काढायचं, म्हणून. अप्पा गेले, त्यांच्या मुलांनी टाकी विकायला काढली, ती मीच घेतली. त्यात गोडं पाणी भरलं. खाऱ्याची हौस करणारं परभणीत पुन्हा कुणी भेटलं नाही.

मग चौऱ्याण्णवला विद्यापीठाचं नाव झालं. पूर्ण नाही, वाढवून झालं, पण झालं. आमच्या रस्त्यावर लोकांनी पेढे वाटले, मीही माशांना एक पेढा टाकला. माहिती असून टाकला. पुढं थोड्याच दिवसांनी दादा दुकानात आला. डोक्याचे केस पार पिकलेले. त्याच्या लेकाला, चिखलातून निघालेल्या त्या लेकराला, आता मुलगी झाली होती.

"बारसं हाय," तो म्हणाला. "चल. आन् येताना मायचा वरवंटा घे. पोरीच्या आधी घालायला गोटा बरा दिसत न्हाई."

"दादा, अजून करता का ते?"

"सून म्हनती, जुनं हाय, कशाला. मी म्हटलं, एकदा करू."

मी यष्टीत वरवंटा टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "लेकराचं अर्धं तिकीट काढू का, मावशी?" दादा म्हणाला, "पुरं काढ. लय जुनं लेकरू हाय." कंडक्टर हसला, आणि मला रडू आलं. दादा खिडकीतून बाहेर बघत राहिला.

गाव मला ओळखू आलं नाही. वाडा ओळखू आला. पत्र्याचं घर, पुढं कडुलिंबाचं लहान झाड, आणि दाराशी पाटा. एका अंगाला धगीनं काळा झालेला, मधे दादाच्या गोट्यानं झिजलेला.

बायका जमल्या. मी वरवंट्याला तेल लावलं, टोपडं घातलं, पाळण्यात ठेवला, झोका दिला. मग पोरीला. तिच्या कानात नाव सांगितलं. आपलंच कुणीतरी आणखी आलं म्हणून मी दाराकडं बघितलं तर गिरणीवाला म्हातारा होता, गावातला. बाजेवर टेकला. चहा दिला तो घेतला. म्हणाला, "किसन, नातीचं नाव काय ठेवलंस रं?"

आपल्यालाच विचारलं का, अशा नजरेनं दादानं मागं वळून बघितलं. मग सांगितलं.

बायका गेल्यावर दादानं पाळण्यातून वरवंटा काढला, टोपडं काढलं, धुऊन आणला आणि पाट्यावर आडवा ठेवला. पाट्याचा मधला भाग झिजून खोल गेला होता, वरवंटा नीट बसेना, डगडगायला लागला. दादानं त्याला हातानं धरून ठेवलं. "ऱ्हाऊ दे आता हितंच," म्हणाला. "बसंल."

सुनेनं मला तांब्या भरून पाणी आणून दिलं. पाणी निवळलेलं होतं, तांब्याचा तळ दिसत होता. जन्माची खोड, मी तांब्या उजेडाकडं तिरका केला आणि बघत राहिले. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मान वर केली तर दादा माझ्याकडं बघत होता.

"पी," तो म्हणाला. "मी पितोयच की इतकी वर्सं."